बेल्ट शेवटपर्यंत ओढा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे डीलरकडून घेतलेल्या सेकंडहँड गाडीबद्दल. गाडी घरी आली, हार घातला, पेढे वाटले आणि महिनाभरात तिचं खरं दुखणं बाहेर आलं, असं ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांच्यासाठी हे बोलणं आहे. आणि येत्या दसऱ्याला किंवा पाडव्याला जुनी गाडी घ्यायच्या बेतात असलेल्यांसाठीही आहे.

टायर गुळगुळीत झालेत, बंपरला चरा गेलाय, ही काही लपवलेली खोट नव्हे. ती दिसते, तिच्यावरून भाव पाडून मागता येतो. लपवलेली खोट म्हणजे विकणाऱ्याला ठाऊक असलेली आणि तुम्हाला कळू नये म्हणून झाकलेली. मीटर मागे फिरवलेला असतो. अपघातात चेपलेला पुढचा भाग ठोकून, लांबी भरून, रंग मारून सरळ केलेला असतो. आणि पावसाळा संपला की बाजारात येते ती पुरात बुडालेली गाडी. या पुराच्या गाडीबद्दलच मी आज जास्त बोलणार आहे, कारण एक हकिगत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

२०२१ सालची गोष्ट. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आमच्या ओळखीचे एक गुरुजी राहतात. घरात म्हातारी आई. तिच्या गुडघ्यांच्या औषधोपचारासाठी मिरजेला जावं लागायचं आणि एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत फुकट प्रवास पुढे २०२२ साली सुरू झाला, ते सरकारनं फार चांगलं केलं. पण ती पहिली पायरी वीतभर खाली आणली, तर कितीतरी म्हातारी माणसं घराबाहेर पडतील, हे मी जिथं संधी मिळेल तिथं बोलतो. असो. तर गुरुजींनी गाडी घ्यायचं ठरवलं.

दिवाळीच्या तोंडावर एका डीलरकडून पाच वर्षं जुनी डिझेल गाडी घेतली. साडेचार लाख रुपये. पुण्याचं पासिंग, एकच मालक, कागद चोख. ट्रायल घेतली तेव्हा इंजिनाचा आवाज स्वच्छ, एसी गार. आतली सीटकव्हरं नवी कोरी आणि डॅशबोर्डवर अत्तराची बाटली. गाडीत अत्तर ठेवण्याच्या मी पहिल्यापासून विरोधात आहे. लांबच्या प्रवासात मुलांना त्यानंच मळमळतं. आणि विकायला ठेवलेल्या गाडीत अत्तराचा भपकारा येत असेल, तर ते काय झाकायला ठेवलंय, हे आधी विचारावं.

गुरुजींनी एक गोष्ट मात्र फार चांगली केली होती. पुराच्या गावचा माणूस, त्यामुळं त्यांनी डीलरला विचारलं, "गाडी अपघातातली किंवा पुरातली नाही ना?" डीलर म्हणाला, "छे हो सर, अजिबात नाही." त्यावर गुरुजी म्हणाले, "मग तेवढं लिहून पाठवा." डीलरनं तिथंच उभ्या उभ्या व्हॉट्सॲपवर लिहिलं की गाडी ना अपघातातली आहे, ना पुरातली, गॅरंटी. हा मेसेज लक्षात ठेवा.

गाडी दारात आली. भाऊबीज झाल्यावर आजींना घेऊन मिरजेला निघाले. आजी मागच्या सीटवर. थंडी म्हणून काचा बंद आणि ब्लोअर चालू. गाव सोडलं नसेल तोच आजी म्हणाल्या, "आरं, ह्या गाडीला पुराचा वास येतुया."

सूनबाई म्हणाल्या, "आई, अत्तर संपत आलंय, त्याचा वास असेल."

आजी म्हणाल्या, "२००५ ला घर धुतलं, २०१९ ला धुतलं, आन् आवंदा धुतलं. मला वास सांगतीस व्हय?"

श्रोतेहो, ज्यांनी पूर ओसरल्यावर घरात पाऊल टाकलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या गाळाचा वास भिंतीतून महिनोन्‌महिने जात नाही. ज्या बाईनं तो गाळ हातानं उपसलाय, तिचं नाक चुकत नाही.

पण घरात कोणी मनावर घेतलं नाही. मग आठवड्याभरात एका रात्री दारात उभ्या असलेल्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला. गल्ली जागी झाली. बॅटरीची वायर काढली तेव्हा तो थांबला. दोन दिवसांनी ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली गेली ती वर येईना. मग गुरुजी वायरिंगच्या मिस्त्रीकडे गेले. आजी हट्टानं बरोबर गेल्या आणि सुट्टीचा दिवस होता म्हणून मीही गेलो होतो.

मिस्त्री वयस्कर, बोलायला कमी. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट ओढायला लागला. आपण ओढतो तेवढा नाही, शेवटपर्यंत. पार मुळापासून, खांबातून जेवढा येईल तेवढा. आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीचा डाग, वाळून पोपडा झालेला. वरचा पट्टा घासून धुतलेला, आतला तसाच. धुणाऱ्याला तिथंवर ओढायचं सुचलं नव्हतं.

गुरुजींचा चेहरा उतरला. आजींनी पट्टा हातात घेतला, नखानं माती खरवडली आणि तळहातावर चोळून पाहिली. म्हणाल्या, "गाळ हाय. पर आपल्या कृष्णामाईचा न्हवं. आपला काळा असतोय. ह्यो तांबडा हाय."

मिस्त्री हातातलं काम सोडून आजींकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नंबर सांगून गाडीचं सर्व्हिस रेकॉर्ड काढायला लावलं. पासिंग पुण्याचं खरं, पण शेवटच्या तीन सर्व्हिस चिपळूणला झालेल्या. शेवटची त्याच वर्षी जूनमध्ये. आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, किती गाड्या त्यात बुडाल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. गाळ आपल्या नदीचा नाही, हे आजींनी बरोबर ओळखलं होतं! मला ही गोष्ट कितीही वेळा सांगायला आवडते.

डीलर आधी म्हणाला, तुम्ही "आहे त्या स्थितीत" असं छापलेल्या कागदावर सही केली आहे. मग म्हणाला, आम्हालाच माहिती नव्हतं. गुरुजींनी वकिलामार्फत नोटीस पाठवली. सोबत व्हॉट्सॲपचा मेसेज, सर्व्हिस रेकॉर्ड, बेल्टचे फोटो आणि मिस्त्रीनं सही करून दिलेला कागद जोडला. अडीच-तीन महिने गेले, पण डीलरनं गाडी परत घेतली आणि साडेचार लाख परत केले. आरटीओचा आणि विम्याचा खर्च मात्र गेला तो गेलाच.

आता पुराची गाडी ट्रायलला चांगली का चालते? इंजिन खोलून, ऑइल बदलून ते सुरू करता येतं. पण वायरिंगच्या जोडांत, सीटखालच्या आणि डॅशबोर्डमागच्या इलेक्ट्रॉनिक भागांत शिरलेली ओल आणि गाळ राहतो. तांब्यावर हिरवा थर चढायला वेळ लागतो. म्हणून दुखणं तुमच्या दारात आल्यावर सुरू होतं. एअरबॅगची वायरिंगही त्यातच आली, म्हणून हा फक्त पैशांचा प्रश्न नाही. आणि या गाड्या बाजारात कुठून येतात? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस, म्हणजे पूर्ण बाद झालेली, धरते. ते धूड मग लिलावात विकलं जातं, कोणीतरी ते धुऊन, रंगवून पुन्हा उभं करतं. म्हणून जुनी पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, एकदम शून्यावर आला असेल, तर का आला ते विचारा.

बघायचं काय, ते पुन्हा सांगतो. बेल्ट शेवटपर्यंत ओढा. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खळगा बघा. सीटच्या पट्ट्यांवर, बोल्टांवर गंज आहे का, ते टॉर्च लावून बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही तर तो कोणीतरी काढलेला असू शकतो. मीटरचा आकडा सर्व्हिस रेकॉर्डशी ताडून पाहा. आणि आपला मिस्त्री बरोबर न्या. चार-पाच लाखांची गाडी घेताना मिस्त्रीला हजार रुपये द्यायला लोक कुरकुरतात, याचा मला मनापासून राग येतो. त्या माणसानं चाळीस वर्षं हात काळे करून ती नजर कमावलेली असते.

आणि लिहून घ्या. पूर, अपघात, मीटर, तिन्हीबद्दल लिहून घ्या. कागदावर द्यायला तयार नसेल तर मेसेजवर घ्या. मेसेजवरही देत नसेल तर उठून या.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते मागून बघा. गाडी घेऊन फसला असाल तर वापर थांबवा, फोटो काढा, दुरुस्ती करण्याआधी मिस्त्रीचा लेखी अहवाल घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. एक, नऊ, एक, पाच. डीलर ऐकत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडीला ५ लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर तक्रारीला फी लागत नाही. नव्या ग्राहक कायद्यानं, म्हणजे जुलै २०२० पासून, डीलर कुठल्याही शहरातला असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत आहे दोन वर्षांची. पुन्हा सांगतो, तुमच्याच जिल्ह्यात आणि दोन वर्षांच्या आत. ओळखीतल्या माणसाकडून घरगुती व्यवहारात गाडी घेतली असेल, तर मात्र हा आयोग नाही, दिवाणी कोर्ट.

गुरुजींनी नंतर दुसरी गाडी घेतली. तीही जुनीच, दुसऱ्या डीलरकडून. या वेळी व्यवहाराच्या आधी आजींना मागच्या सीटवर बसवलं, काचा बंद केल्या आणि दहा मिनिटं ब्लोअर लावला. आजींनी मान हलवल्यावरच चेक फाडला.

नमस्कार.