मेतकुटाच्या बरणीतल्या गोळ्या

अध्यक्षबाई, आणि दुपारची झोप मोडून आलेल्या सगळ्याजणी! मागच्या रांगेत दोन पुरुषही दिसताहेत. बायकोला न्यायला आला असाल, पण बसा, तुमच्याही कामाचं आहे.

पत्रिकेत विषय छापलाय 'गरोदरपण आणि नेहमीची औषधं'. बोलते त्यावर. आधी एका बरणीची गोष्ट.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी आली. बाराव्या वर्षापासून फिट्स. लग्न जमवताना माहेरच्यांनी सांगितलं नव्हतं. का, ते तुम्हाला मी काय सांगणार! आईनं गोळ्या पाठवल्या त्या रुखवतातून. वर बेसनाचे लाडू, तळाशी तीन महिन्यांचं लेव्हेटिरासिटाम. सासरी गेल्यावर हिनं त्या मेतकुटाच्या बरणीत ठेवल्या, कारण त्या घरात मेतकूट कुणी खात नसे. (मेतकूट न खाणारं घर! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.) दोन वर्षं सुरळीत गेली. एक फिट नाही.

मग दिवस राहिले. गोळ्या आणायला गेली तर दुकानदारानं पट्टी देता देता पोटाकडे बघितलं. "ताई, गरोदरपणात हे चालत नाही." विचारणार कुणाला? घरात कुणाला माहीतच नव्हतं. केल्या बंद. बाराव्या दिवशी गौरी जेवणाच्या. सोळा भाज्यांचा पसारा, ही विळीवर, आणि तिथेच फिट आली. विळी हातभर बाजूला राहिली म्हणून बरं. थोरल्या जाऊबाई हळदकुंकू घेऊन धावल्या, त्यांना वाटलं अंगात आलं. नवस बोलून झाला, नारळही आला. तेवढ्यात सासरे म्हणाले, "अंगात-बिंगात काही नाही. माझ्या बहिणीला हेच व्हायचं." सगळं घर गप्प. कारण ही गोष्ट त्यांनीही लग्नात सांगितली नव्हती!

आई आणि बाळ, दोघं सुखरूप राहिले. पण माझं भांडण तेव्हापासून त्या 'चालत नाही'शी आहे. दुकानदार सांगतो, शेजारीण सांगते, कधी कधी, लाज वाटते पण आमच्यातले डॉक्टरही सांगतात. भीतीला इतिहास आहे, हे मान्य. 1957 साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी आली, ती गरोदर बायकांना मळमळीवरही दिली. 1961च्या नोव्हेंबरात तिथे ती मागे घेतली, पण तिच्यापायी जगभरात सुमारे 10 हजार मुलं हातापायांची वाढ खुंटून जन्मली. पण ती गोळी घेतली नसती तरी त्या आयांचं काही अडलं नसतं. आमच्या मुलीचं अडत होतं. मोठी फिट आली की आई पडते, श्वास अडखळतो, बाळाचा ऑक्सिजन कमी होतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, विषय तर आत्ता सुरू होतोय!

पटापट सांगते. फिट्सच्या सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. व्हॅल्प्रोएट खरंच वाईट: दहातल्या एका बाळात मोठं व्यंग, आणि कित्येकांच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम. पण तीही मनानं तोडायची नाही, दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरकडून बदलून घ्यायची. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम त्या मानानं बरीच सुरक्षित. मात्र गरोदरपणात रक्तातलं त्यांचं प्रमाण उतरतं, म्हणून डोस उलट वाढवावा लागतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत 1998 पासून अशा गरोदर स्त्रियांची नोंद ठेवतात. बहुसंख्य बाळं निरोगी जन्मतात. फॉलिक अॅसिड आधीपासून हवं, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. तोवर अनेकींना पाळी चुकल्याचं जेमतेम कळलेलं असतं.

थायरॉईड. पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉईडवर जगतं, त्यामुळे गोळी वाढते, बंद होत नाही. आणि सरकारी दवाखान्यातली लोहाची, कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत एका घोटात गिळू नका. चार तासांचं अंतर. सकाळी सगळ्या गोळ्या एकदम उरकणाऱ्या इथे किती आहेत, हात वर करू नका, मला माहीत आहे.

बीपी. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन असेल तर बदलावी लागते, ती बाळाच्या मूत्रपिंडाला बाधते. त्याऐवजी लॅबेटालॉल, मिथाइलडोपा, निफेडिपिन आहेत. म्हणजे इथेही बदल आहे, सुट्टी नाही. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन मात्र पूर्ण बंद, आणि तीही दिवस राहायच्या निदान महिनाभर आधी.

मधुमेह राहिला, मनाच्या आजारांच्या गोळ्या राहिल्या, त्यावर तर मला तासभर हवा होता. अध्यक्षबाई उभ्याच राहिल्यात. एक मिनिट हं, दम्याचा पंप! तो बंद करायचा नाही, लिहून घ्या. मागच्या रांगेतल्यांनीही.