गंगेच्या तळाशी सरकणारी वाळू

गोदावरीला, म्हणजे नाशिककरांच्या गंगेला, पूर चढला की नाशिककर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर गाळ उरतो. तो पाण्यात मिसळून आला. जड वाळू आणि गोटे मात्र त्याच पुरात तळाशी लोळत, घरंगळत पुढे गेले. गढूळ पाण्याखालची ती वाटचाल काठावरून दिसली नाही.

पाण्याने जोर धरला की तळाच्या वाळूवर वळ्या उठतात. वरच्या अंगाला लांब, मंद चढ आणि खालच्या अंगाला तीव्र उतार. कण चढ चढतो, माथ्यावरून पलीकडे घसरतो आणि मागून येणाऱ्या कणांखाली पुरला जातो. वळीची पाठ झिजत झिजत त्याच्यापर्यंत पोचली की तो पुन्हा निघतो. लाखो कण असे थांबत थांबत चालतात, म्हणून अख्खी वळी खाली सरकते, पाण्यापेक्षा कितीतरी सावकाश. पाणी उथळ आणि फार वेगवान असेल तर कण खालीच जातात, पण वळी प्रवाहाच्या उलट, वर चढू लागते! निसर्गातल्या मोजक्या गोष्टी मला इतक्या विलक्षण वाटतात.

डोंगराचा कडा ढासळला तर? एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात सोन्यासाठी पाण्याच्या फवाऱ्यांनी टेकड्याच धुतल्या आणि नद्या भरून गेल्या. ग्रोव्ह गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने 1917 साली लिहिलं, की हा राडारोडा पुराच्या लाटेसारखा नदीतून खाली जातो. पुढच्या अभ्यासात दिसलं ते थोडं वेगळं. गोट्यांच्या नदीत असा ढीग बहुधा एकसंध चालत नाही. जागच्या जागी त्याचा माथा खचतो, तो दोन्ही अंगांना पसरतो. बारीक वाळू पुढे निसटते, मोठे गोटे मागे रेंगाळतात.

आपल्या गोदावरीच्या वाटेत गंगापूर धरण आहे. वरून आलेली जड वाळू तिथेच बसते. दारणा आणि कादवा मात्र आपापला गाळ घेऊन खाली येऊन मिळतात. मग येतो नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. तिथे पाणी संथ होतं आणि गाळ खाली बसतो. वर्षानुवर्षं साचून त्याची बेटं झाली, पाणथळ तयार झाली, हिवाळ्यात परदेशी पाहुणे पक्षी उतरू लागले. 2020 मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली.

समोरच्या चिखलात चोच खुपसून चित्रबलाक उभा आहे. पावसाळ्यात जायकवाडीकडे विसर्ग सुरू झाला, की यातला थोडा चिखल पुन्हा वाटेला लागेल.