चर्चच्या तळघरातले लेफ्से

[दृश्य: पिठीने माखलेले दोन हात. त्यांच्याखाली फिरणारं लाटणं. गोल पोळपाटावर ताणून बसवलेलं कापड, त्यावर इंचांची वर्तुळं छापलेली.]

निवेदन:

हे लाटणं नीट बघा. ते गुळगुळीत नाही. त्याच्यावर बारीक खाचा आहेत आणि खाचांवरून मोज्यासारखं विणीचं कापड चढवलंय. पोळपाटालाही कापडाची खोळ आहे, तिच्यात पिठी चोळून चोळून मुरवलेली. एवढी तयारी लागते, कारण जे लाटायचंय ते मुळात बटाटा आहे. त्याला बांधून ठेवण्यापुरता मैदा, चवीला लोणी आणि साय. याचा चौदा इंचांचा गोल होतो, आणि तो इतका पातळ लागतो की खालच्या कापडावरचे आकडे वरून वाचता यावेत.

हा नॉर्वेचा लेफ्सा. आपण मात्र नॉर्वेत नाही. हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका ल्युथरन चर्चचं तळघर आहे. महिना ऑक्टोबर. लूटफिस्कच्या, म्हणजे क्षाराच्या पाण्यात भिजवून केलेल्या माशाच्या, वार्षिक जेवणाला काही आठवडे उरलेत आणि तोवर शेकडो लेफ्से भाजून फ्रीझरमध्ये जायला हवेत.

[दृश्य: जुना नकाशा. स्टाव्हांगर बंदरापासून न्यूयॉर्कपर्यंत एक रेघ.]

४ जुलै १८२५ या दिवशी 'रेस्टोरेशन' नावाचं एक छोटं शिडाचं जहाज नॉर्वेतल्या स्टाव्हांगरहून निघालं. निघताना त्यावर ५२ माणसं होती. ९ ऑक्टोबरला ते न्यूयॉर्कला लागलं तेव्हा ५३ झाली होती, कारण वाटेत एक मुलगी जन्मली. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन अटलांटिक ओलांडून गेले. नॉर्वेत पिकाऊ जमीन जेमतेम, वाटण्या होऊन तुकडे पडलेले. तिकडे अमेरिकेत १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळत होती. अट एवढीच की पाच वर्षं तिथं राहायचं आणि ती कसायची. हिशेब सोपा होता. बरेच जण मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा आणि डकोटाच्या माळरानांवर जाऊन बसले. आजही नॉर्वेजियन वंशाचे सगळ्यात जास्त अमेरिकन मिनेसोटातच आहेत.

भाषा मात्र टिकली नाही. पहिल्या महायुद्धात परक्या भाषांबद्दल संशय वाढला. मे १९१८ मध्ये आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फतवाच काढला: शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, टेलिफोनवर, प्रार्थनेच्या सभेतसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा नको. फतवा निघाला नसता तरी नातवंडं इंग्रजीकडे वळलीच असती, पण त्याने वेग दिला. एकेका चर्चमधली नॉर्वेजियन उपासना बंद होत गेली. मिनिआपोलिसच्या मिंडेकिर्केन चर्चसारख्या मोजक्या ठिकाणी ती आजही ऐकू येते. बाकीच्यांकडे राहिले ते 'उफ दा' (अरे बापरे) आणि 'मांगे ताक' (खूप आभार) असे चार-दोन उद्गार. आणि पदार्थांची नावं.

[दृश्य: स्वयंपाकघर. मोठ्या पातेल्यात उकळणारे बटाटे. वाफ.]

लेफ्साचं काम एका दिवसाचं नाही. आज लाटायचे तर बटाटे काल उकडलेले हवेत.

बटाटा रसेट जातीचा घेतात. हा पिठूळ, कोरडा, उकडला की भुसभुशीत होणारा. लाल सालीचा किंवा नवा बटाटा इथं चालत नाही. त्यात पाणी जास्त, आणि दाबला की तो डिंकासारखा चिकटतो. सव्वादोन किलो बटाटे सोलून, सारख्या आकाराचे तुकडे करून उकडायचे. सुरी आत गेली की लगेच उपसायचे. त्याहून जास्त उकडले तर पाणी पितात, आणि ते पाणी दुसऱ्या दिवशी लाटताना वसूल होतं. पाणी काढून टाकल्यावर रिकामं पातेलं मिनिटभर पुन्हा आचेवर ठेवून बटाटे कोरडे करतात. ही पायरी घाईत हमखास गाळली जाते.

मग बटाटे गरम असतानाच दाबून काढायचे. यंत्र आपल्या सोऱ्याच्या जातीचं असतं: भोकांचं भांडं, वरून दांडा. एकदा दाबून भागत नाही, दोनदा दाबतात. राईएवढी गाठ जरी राहिली तरी लाटताना नेमकी तिथेच पोळी फाटते. मिक्सर मात्र लावायचा नाही. पात्याने बटाट्यातला स्टार्च मोकळा होतो आणि हातात खळ येते.

या गरम बटाट्यात ११५ ग्रॅम लोणी, अर्धा कप घट्ट साय, एक मोठा चमचा मीठ आणि तेवढीच साखर. सगळं मिसळून पसरट भांड्यात घालायचं, वर नुसतं कापड टाकायचं आणि रात्रभर गार जागी ठेवायचं. झाकण लावलं तर वाफ आतच गळते आणि सगळी मेहनत ओली होते.

[दृश्य: सकाळ. मैद्याची मापं. एक बाई बटाट्यात मैदा भुरभुरते आहे, दुसरी नुसती बघते आहे.]

आता मैदा. या मापाला अडीच ते तीन कप. हे 'अडीच ते तीन' म्हणजेच सगळी विद्या. कोणत्या शेतातला बटाटा, तो किती दिवस साठवला, रात्री हवा कोरडी होती की दमट, यावर अर्धा कप इकडेतिकडे होतो. कागदावर आकडा लिहिलेला असतो, पण परातीसमोर उभी असलेली बाई त्याच्याकडे बघत नाही. ती गोळा मुठीत दाबून बघते. बोटांना चिकटला नाही आणि दाबल्यावर कडेला भेगा पडल्या नाहीत, की पुरे.

मैदा सगळ्या बटाट्यात एकदम घालायचा नाही. अर्ध्या तासात जेवढं लाटून होईल तेवढ्यातच घालायचा आणि बाकीचा बटाटा गारच ठेवायचा. मैदा मिसळला की घड्याळ सुरू होतं. मीठ आणि साखर बटाट्यातलं पाणी ओढून काढतात, मैदा ते पितो, आणि तासाभरात सकाळचा सुरेख गोळा लगदा होऊन बसतो. नवशिके अशा वेळी आणखी मैदा घालतात. पोळी लाटता येते खरी, पण भाजल्यावर चामड्यासारखी वातड होते. चिकट झालेल्या गोळ्यावर उपाय मैदा नव्हे, थंडावा. तो वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तर पुष्कळदा वाचतो.

उंडा साधारण ७० ग्रॅमचा. हातावर गोल वळून, कडा गुळगुळीत करून, चपटा करून पोळपाटावर ठेवायचा. मधून बाहेर लाटायचं, हात हलका ठेवायचा आणि कडेला पोचता पोचता लाटणं किंचित उचलायचं, नाहीतर कडा कागदासारखी होऊन तव्यावर करपते. खाचांमुळे लाटण्याचा स्पर्श कमी होतो, त्यामुळे चिकटणंही कमी. पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला इथलं बरंच काही ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की इथं बाहेरून सावरायला पारी नाही. आत-बाहेर सगळा बटाटाच.

[दृश्य: लांब, चपटी, टोकाला निमुळती लाकडी पट्टी पोळीखालून सरकते. पोळी मधोमध लटकते, तव्यावर उलगडते.]

लेफ्सा हाताने उचलता येत नाही. त्यासाठी हातभर लांबीची ही लाकडी पट्टी. ती पोळीच्या बरोबर मधून खाली सरकवायची, उचलायची, तव्याच्या एका कडेला अर्धी पोळी टेकवायची आणि पट्टी गोल फिरवत उरलेली अर्धी उलगडायची. चुणी पडली तर ती तिथेच भाजली जाते, नंतर ओढून सरळ करता येत नाही.

तवा विजेवरचा, सपाट, सोळा इंचांचा. आच ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस. तेल-तूप काही नाही. पहिली बाजू एक ते दीड मिनिट: आधी फुगे, मग खाली तपकिरी ठिपके. उलटून आणखी अर्धं-पाऊण मिनिट. आच कमी ठेवणं सुरक्षित वाटतं, पण तीच खरी चूक. मंद तव्यावर पोळी जास्त वेळ राहते, वाळते आणि घडी घालताना मोडते. प्रत्येक पोळीनंतर तव्यावर सांडलेली पिठी कोरड्या फडक्याने झटकावी लागते. ती जळली की पुढच्या प्रत्येक पोळीला कडू वास येतो आणि तळघरात धूर साचतो.

भाजलेले लेफ्से दोन जाड पंच्यांच्या मधे, एकावर एक. आपल्याच वाफेत ते मऊ होतात. पूर्ण गार झाल्याशिवाय प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे नाहीत. घाई केली तर पिशवीत दव धरतं आणि दोन दिवसांत बुरशी.

[दृश्य: लोफोटेन बेटं. लाकडी मांडवांवर जोड्यांनी टांगलेले कॉड मासे, मागे बर्फाचे डोंगर.]

जेवणाचा दुसरा मानकरी इथून येतो. उत्तर नॉर्वेतली लोफोटेन बेटं. हिवाळ्यात कॉड मासा इथं अंडी घालायला येतो. डोकं उडवून, शेपटीला दोन-दोन बांधून तो फेब्रुवारीपासून मेपर्यंत उघड्यावर टांगतात. मीठ नाही, धूर नाही. हवा शून्याच्या आसपास असते, म्हणून मासा सडत नाही आणि माश्याही नसतात. वाळून तो लाकडासारखा टणक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

टिकतो, पण खायचा कसा? पाच-सहा दिवस रोज पाणी बदलत भिजवायचा. मग दोन दिवस क्षाराच्या पाण्यात. पूर्वी त्यासाठी बर्च झाडाची राख वापरत, आता कॉस्टिक सोडा. क्षाराने माशातली प्रथिनं सैल होतात आणि मासा फुगतो, ताजा असताना होता त्याहूनही जास्त पाणी धरतो. या अवस्थेत त्याचा सामू (पीएच) ११-१२, म्हणजे तीव्र क्षारी असतो. तो खाल्ला तर तोंड भाजेल. म्हणून पुन्हा कित्येक दिवस रोज स्वच्छ पाणी. हा झाला लूटफिस्क. मासा कॉडसारखाच लागतो, ज्याच्या मांसात चरबी नाममात्र असते. चरबी आणि क्षार एकत्र आले की साबण होतो. क्षारात जास्त वेळ राहिलेल्या माशाला तसाच वास येतो आणि मग कितीही लोणी ओतलं तरी उपयोग नसतो.

हे क्षाराचं काम आता चर्चमध्ये कुणी करत नाही आणि घरी तर करूच नये. मिनिआपोलिसची १९१० पासूनची ओल्सन फिश कंपनी तयार मासा पुरवते. गंमत म्हणजे, विस्कॉन्सिन राज्याच्या कामगारांसाठीच्या कायद्यात 'विषारी पदार्थां'च्या व्याख्येतून लूटफिस्कला नाव घेऊन वगळलंय! आणि पश्चिम मिनेसोटातल्या मॅडिसन गावाने स्वतःला लूटफिस्कची राजधानी ठरवून २५ फुटी फायबरग्लासचा कॉड उभा केलाय.

[दृश्य: जेवणाचा दिवस. वर चर्चच्या बाकांवर वाट पाहणारी माणसं, हातात नंबराची तिकिटं. खाली मोठाली पातेली.]

वर प्रार्थनागृहात लोक बाकांवर बसलेले असतात. नंबर पुकारला की खाली उतरायचं. कुणी विणलेले नॉर्वेजियन स्वेटर घातलेत, कुणी चांदीच्या लोंबत्या चकत्यांची ब्रोच. खाली पातेल्यांपाशी उभ्या माणसाला मात्र मान वर करायला फुरसत नसते.

मासा मलमलच्या पिशव्यांत भरून मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडतात. काही मिनिटांचाच खेळ. पापुद्रे सुटू लागले पण अजून धरून आहेत, तो क्षण गाठायचा. मिनिटभर उशीर झाला की ताटात थलथलती खीर. म्हणून एकदम शिजवून ठेवत नाहीत. टेबलं भरतील तसे छोटे घाणे काढतात. मीठ नुसतं चवीला नसतं, ते माशातलं पाणी ओढून त्याला घट्टपणा देतं. तयार मासा घरी शिजवणारे ओव्हनमध्ये करतात: किलोला एक मोठा चमचा मीठ भुरभुरून अर्धा तास ठेवायचं, सुटलेलं पाणी ओतून टाकायचं, झाकून २०० अंश सेल्सिअसवर अर्धा-पाऊण तास. वरून पाण्याचा थेंबही नको. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. अॅल्युमिनियम काळं पडतं आणि घरातली चांदी तर या जेवणाच्या जवळपासही आणायची नाही.

वाढप पंगतीसारखं. वाडगी टेबलावर हातोहात फिरतात: मासा, वितळलेलं लोणी, उकडलेले बटाटे, क्रॅनबेरी. माशाचा धसका घेतलेल्यांसाठी मांसाचे गोळे. लोणी नॉर्वेजियन पद्धतीचं. स्वीडिश घरांत त्याजागी पांढरा सॉस येतो, आणि दोन्ही घरं दुसऱ्याची कीव करतात. लेफ्साला लोणी फासून वर साखर भुरभुरतात आणि गुंडाळी करतात. पांढरी की ब्राउन, यावर टेबलागणिक मतं. काही जुने लोक माशाचीच गुंडाळी करून खातात. चवीचं खरं सांगायचं तर माशाला स्वतःची चव फारशी नाहीच. ती लोण्याची आणि मिठाची.

[दृश्य: आयोवातलं डेकोरा गाव. संग्रहालयात फुलापानांच्या वेलबुट्टीने रंगवलेली लाकडी पेटी.]

वारशाचं दुसरंही एक अंग आहे, जास्त देखणं. डेकोरातलं वेस्टरहाइम संग्रहालय १८७७ पासून स्थलांतरितांच्या वस्तू जपतंय. लाकडावरची ही चित्रकारी म्हणजे रोझमालिंग. ती अमेरिकेत पुन्हा रुजवली विस्कॉन्सिनमधल्या स्टॉटनच्या पेर लिसने यांनी. गाड्यांच्या कारखान्यात ते चाकं-साटे रंगवायचे. पेटी मात्र काचेमागे ठेवली तरी शंभर वर्षं राहते. गोळा मुठीत दाबून बघायची खूण काचेमागे ठेवता येत नाही.

[दृश्य: तळघर. रात्र. खुर्च्या रचलेल्या. पुन्हा तेच हात.]

आवरायला घेतात तेव्हा आधी माशाची पातेली घासतात. चिकटलेला मासा वाळला की खरवडून निघत नाही. तवा पाण्याखाली धरत नाहीत, नुसता पुसतात. पोळपाटाच्या आणि लाटण्याच्या खोळींतली जास्तीची पिठी झटकून काढतात, पण खोळी धूत नाहीत. मुरलेली पिठी धुऊन गेली तर पुढच्या वेळी पहिले दहा लेफ्से चिकटणार. मात्र तिच्यात लोणी शोषलेलं असतं आणि ते उन्हाळ्यात खवट होतं. म्हणून दोन्ही खोळी घडी घालून पिशवीत भरतात, पिशवीची हवा दाबून काढतात आणि तिच्यावर पेनाने वर्ष लिहून फ्रीझरच्या तळाशी ठेवतात.