गवत लावायला हात द्या

(दृश्य: मॅनहॅटन, ३१ चेंबर्स स्ट्रीट. सकाळ. दगडी दर्शनी भाग, मग आतला जिना.)

ही इमारत १९०७ साली बांधून पूर्ण झाली. तेव्हा तिचं नाव होतं हॉल ऑफ रेकॉर्ड्स. आपलं दप्तर ठेवायला न्यूयॉर्क शहराने एवढा दगड घडवून घेतला. आता तिला सरोगेट्स कोर्ट म्हणतात, मृत्युपत्रांची आणि वारसाहक्काची प्रकरणं इथे चालतात. महापालिकेच्या अभिलेखागाराचा पत्ताही हाच. जन्ममृत्यूच्या नोंदी, लग्नाचे दाखले, घरपट्टीसाठी काढलेले घराघरांचे फोटो. आणि बागखात्याचे कागद.

आम्ही आलो ते बागखात्याच्या कागदांसाठी.

(दृश्य: टेबल. मोठा कागद सावकाश उलगडतो. कडा तपकिरी. दोन हात, मग फक्त कागद.)

सेंट्रल पार्कचे सुमारे दीड हजार मूळ आराखडे या दप्तरात आहेत. पूल, कमानी, जिने, पाणपोया, बाकं, कुंपणं, जमिनीखालच्या नळ्या. काही नुसत्या पेन्सिलीत, काही शाईत, काही जलरंगात. ज्यांनी हे काढले त्यातल्या बहुतेकांची नावं आज कोणी घेत नाही. हात मात्र ओळखू येतात. एकाची रेघ कापल्यासारखी, दुसऱ्याचा रंग जरा सैल.

(दृश्य: पार्कवरून. हिरवा आयत, चारही बाजूंना इमारती.)

८४३ एकर. इथे फिरायला येणाऱ्याला वाटतं, शहर वाढत गेलं आणि मध्ये एवढं रान शिल्लक राहिलं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. तलाव, टेकडी, ओढा, सगळं जणू आधीपासूनचं. दप्तर उघडलं की कळतं, यातलं कितीतरी आधी कागदावर उगवलं.

१८५३ साली राज्याच्या विधिमंडळाने बागेसाठी जमीन घ्यायला मंजुरी दिली. १८५७ मध्ये आयुक्तांचं मंडळ नेमलं गेलं आणि त्याच वर्षी आराखड्यांची स्पर्धा जाहीर झाली. अटी पुष्कळ होत्या. कवायतीचं मैदान हवं, मोठं कारंजं हवं, हिवाळ्यात घसरायला तळं हवं, टेहळणीचा मनोरा हवा, फुलबाग हवी. शहराची वाहतूक अडू नये म्हणून बाग आडवी ओलांडणारे निदान चार रस्ते हवेत. आणि हे सगळं १५ लाख डॉलरच्या आत.

प्रवेशिका आल्या ३३. तेहतिसावी होती फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांची. नाव दिलं होतं ‘ग्रीन्सवर्ड’, म्हणजे हिरवळ.

(दृश्य: ग्रीन्सवर्डचा आराखडा. कॅमेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई न करता.)

ओल्मस्टेड तेव्हा याच बागेच्या कामावर देखरेख करणारा अधिकारी. दिवसा मजुरांमागे फिरायचं, रात्री व्हॉक्सच्या घरी आराखड्यावर बसायचं. व्हॉक्स इंग्लंडहून आलेला वास्तुरचनाकार. त्याचं घर पूर्व अठराव्या रस्त्यावर होतं. आराखडा एवढा लांब, की त्यावर हिरवळ दाखवायची म्हणजे शाईचे हजारो बारीक ठिपके आणि तुटक रेघा. व्हॉक्सच्या मुलाने पुढे सांगून ठेवलंय की त्या दिवसांत घरी जो कोणी भेटायला येई, त्याच्या हाती लेखणी दिली जाई. बसा, सेंट्रल पार्कमध्ये थोडं गवत लावा.

(दृश्य: ठिपके, अगदी जवळून. पाच सेकंद निवेदन नाही.)

म्हणजे यातलं कुठलं गवत कोणाचं, ते आता सांगता येणार नाही. एखादा शेजारी असेल, चहाला आलेली एखादी बाई असेल. हा कागद मला इतका आवडतो तो यासाठीच.

(दृश्य: जोडचित्रांचा फलक. वर छोटा नकाशा, मध्ये फोटो, खाली रंगचित्र.)

आराखड्याबरोबर त्यांनी असे फलक दिले. वर बागेचा चिमुकला नकाशा, त्यावर आपण कुठे उभे आहोत त्याची खूण. मध्ये त्या जागेचा तेव्हाचा फोटो: उघडा खडक, चिखल, खुरटी झुडपं. खाली त्याच जागेचं रंगवलेलं चित्र, आम्ही काय करू ते. आज कुठल्याही बिल्डरच्या जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन चित्रं असतात. १८५८ साली आयुक्तांसमोर ही युक्ती नवलाची असणार. एप्रिलच्या अखेरीस निकाल लागला. पहिलं बक्षीस, २,००० डॉलर, तेहतिसाव्या प्रवेशिकेला.

(दृश्य: खोलगट रस्ता. वर पादचाऱ्यांचा पूल, खालून बस जाते.)

चार आडव्या रस्त्यांची अट त्यांनी अशी सोडवली. रस्ते जमिनीच्या पातळीखाली उतरवले. घोडागाड्या, मालाच्या गाड्या खालून जातील आणि वर फिरणाऱ्याला त्या दिसणारसुद्धा नाहीत. मोटारगाडी जन्माला यायची होती. आजही बस आणि टॅक्सी त्याच खोलातून धावतात.

(दृश्य: टेबलावर दुसरा आराखडा. झाडाच्या शिरांसारख्या रेघा.)

आता हा कागद. यात देखणं काही नाही. प्रदर्शनात अशांना क्वचितच भिंत मिळते. हा जमिनीखालच्या निचऱ्याचा नकाशा आहे. बागेची बरीचशी जागा दलदलीची होती, खडकावर पाणी साचून राहायचं. निचऱ्याचं काम जॉर्ज वेअरिंग या तरुण इंजिनियरकडे होतं. शेतातलं पाणी काढायचं शास्त्र त्याला येत होतं, तेच त्याने इथे लावलं. चर खणले, भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या, बारीक नळ्या जाड नळ्यांना जोडल्या, सगळ्यांना उतार दिला. हाच वेअरिंग पुढे १८९५ मध्ये शहराच्या सफाईखात्याचा प्रमुख झाला आणि झाडूवाल्यांना त्याने पांढरे गणवेश दिले.

झाड लावणाऱ्याचं नाव राहतं. नळी पुरणाऱ्याचं काम गवताखाली जातं. ते काम झालं होतं याचा पुरावा म्हणजे हा कागद, म्हणून तो तेवढ्याच काळजीने ठेवायला हवा.

(दृश्य: बेथेस्डा टेरेस. जिना, कठड्यावरचं कोरीवकाम. एक एक शिल्प.)

बागेतल्या या जिन्यांपाशी आम्ही अर्धा दिवस काढला. टेरेस व्हॉक्सची, कोरीवकामाची कल्पना जेकब रे मोल्डची. मोल्डही इंग्लंडचाच, रंग आणि नक्षी यांचा वेडा. जिन्याच्या कठड्यांवर त्याने चार ऋतू कोरून घेतले: फुलं, फळं, पक्षी. वरच्या खांबांवर दिवसाचे प्रहर. हा कोंबडा, हा उगवता सूर्य. इकडे रात्र: घुबड, वटवाघूळ, दिवा आणि पुस्तक. आणि ही पाहा, झाडूवर बसून निघालेली चेटकीण. लहान मुलं तिला बरोबर शोधून काढतात.

(दृश्य: खालचा मंडप. छताच्या फरश्या. कोणीतरी व्हायोलिन वाजवतंय. आवाज तसाच राहू द्यावा.)

छतावरच्या फरश्या इंग्लंडच्या मिंटन कारखान्यातल्या, १५,००० हून जास्त. फरशी पायाखाली असते, मोल्डने ती डोक्यावर लावली. पुढे पाणी झिरपून छत खराब झालं, १९८० च्या दशकात सगळ्या फरश्या उतरवून ठेवाव्या लागल्या. २००७ मध्ये त्या दुरुस्त होऊन परत वर चढल्या. अधली वीसेक वर्षं इथून जाणाऱ्यांना वर नुसतं उघडं छत दिसत होतं.

(दृश्य: आर्सेनल, फिफ्थ अव्हेन्यू आणि चौसष्टावा रस्ता. विटांची इमारत, दारावर कोरलेला गरुड.)

बागेच्या कडेचं हे जुनं शस्त्रागार आता बागखात्याचं मुख्यालय आहे. १९३४ मध्ये शहराच्या पाच विभागांची वेगवेगळी बागखाती एक झाली आणि रॉबर्ट मोझेस आयुक्त म्हणून इथे येऊन बसला, तो १९६० पर्यंत. पोहण्याचे तलाव, खेळाची मैदानं, समुद्रकिनारे, प्रत्येकाचे आराखडे आणि पत्रव्यवहार. त्याच्या काळातली खोकी मोजायलाच एक वेगळी फिल्म लागेल. सेंट्रल पार्कमधल्या शीप मेडो या कुरणावरच्या खऱ्याखुऱ्या मेंढ्या त्यानेच हलवल्या आणि त्यांच्या गोठ्याचं रेस्टॉरंट केलं, एवढं इथे पुरे.

कागद राहिले की नाही, हे किती वेळा नुसत्या योगायोगावर ठरतं! १९७८ साली शहरातली मोठी वृत्तपत्रं संपामुळे अठ्ठ्याऐंशी दिवस बंद होती. न्यूयॉर्क टाइम्सचे आठ छायाचित्रकार रिकामे होते. बागखात्याचे तेव्हाचे आयुक्त गॉर्डन डेव्हिस यांनी त्यांना शहरातल्या बागांमध्ये पाठवलं. शहर कंगाल, बागा मोडकळीला आलेल्या, आणि तरी माणसांनी भरलेल्या. काढलेल्या रंगीत स्लाइड्स खोक्यांत गेल्या आणि विसरल्या गेल्या. २०१७ मध्ये आवराआवर करताना सापडल्या. २,९२४. पुढच्या वर्षी याच इमारतीत त्यांचं प्रदर्शन भरलं. आवराआवर करणाऱ्याने खोकी उघडून पाहिली, म्हणून. खात्याने आपल्या कागदांची यादी नेमाने करावी, जागा द्यावी, माणसं द्यावीत. एवढंच मागणं आहे आणि ते काही मोठं नाही.

(दृश्य: पुन्हा अभिलेखागार. एक नकाशा. बारीक चौकोन, चौकोनांत नावं.)

एक कागद बाकी आहे. तो बागेच्याही आधीचा, १८५६ चा, गार्डनर सेज या मोजणीदाराचा. जमीन ताब्यात घेण्यासाठी केलेली मोजणी. ब्याऐंशी ते एकोणनव्वद या रस्त्यांच्या दरम्यान, पश्चिमेकडे, एक वस्ती होती. सेनेका व्हिलेज. १८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने इथे १२५ डॉलरना तीन प्लॉट घेतले. तो बूट पॉलिश करायचा. मग आणखी कुटुंबं आली, नंतर आयरिशही आले. तीन चर्च, एक शाळा, सुमारे २२५ माणसं. नकाशात घरांचे चौकोन आहेत, मालकांची नावं आहेत. विल्यम्सने घराचे आणि जमिनीचे ३,५०० डॉलर मागितले होते, मिळाले २,३३५. १८५७ पर्यंत वस्ती उठली.

(दृश्य: बागेची पश्चिम बाजू, पंचाऐंशीव्या रस्त्याजवळ. संध्याकाळ. माहितीफलक. एक मूल, एक कुत्रा.)

२०११ मध्ये पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी इथे खणलं. एका घराचा पाया लागला. चहाची किटली निघाली, एक छोटा बूटही.

(दृश्य: सेजचा नकाशा. त्यावर हळूहळू ग्रीन्सवर्डचा आराखडा उमटतो.)

दोन्ही कागद एकाच प्रमाणात आणून आम्ही एकावर एक ठेवले. जिथे घरांचे चौकोन आहेत, तिथे वरच्या कागदावर झाडं आहेत, एक वाट आहे. आणि बारीक ठिपक्यांचं गवत.

(दृश्य: ठिपके, अगदी जवळून. निवेदन नाही.)