हुडुकावर चालणारं चित्र

(पडदा काळा. हुडुकाचे चार ठोके.)

अजून काही दिसत नाहीये. आधी ऐका. हा हुडुक. मधे निमुळता, दोन्ही तोंडांना कातडं. याच्या ठोक्यावर आता एक चित्र चालणार आहे.

(उजेड. अंगण. फडक्यात बांधलेली पोथी.)

आपण पिंगुळीत आहोत, कुडाळ तालुक्यात. इथला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी, म्हणजे चित्र दाखवत गाऊन सांगायची कथा, सादर करत आलाय. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. चित्र दाखवून कथा सांगणारे त्याच्याही फार आधीपासून आहेत. १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो.

म्हणायला ही पोथी, पण शिवलेली नाही. एका आख्यानाची सुटी चित्रं एकत्र बांधलेली, दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली.

(चित्र उभं राहतं. वीणा, टाळ, हुडुक.)

आता कथेकऱ्याचा हात बघा. बोट रथावर येतं, रथावरून धनुष्यावर, आणि आपली नजर निमूट त्याच्या मागे जाते.

या चित्रांतली माणसं बहुतेक एका बाजूनं दिसतात. डोळा मात्र मोठा, टक्क उघडा. दोन रथ समोरासमोर, मधल्या मोकळ्या जागेत बाण. कागदावर ते जागीच थिजलेत. मग हुडुकाची लय वाढते, आवाज चढतो, गाणाऱ्याचा खांदा किंचित पुढे येतो, आणि बाण सुटतो. मला तरी तो सुटलेला दिसला. त्या क्षणी मी चित्राकडे बघत होते की त्या खांद्याकडे, मला खरंच सांगता येणार नाही.

(आवाज एकदम बंद. तसंच चित्र, काचेमागे.)

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी जुनी चित्रं आहेत. ‘पैठणची चित्रं’ या नावानंही ती ओळखली जातात. ती जपली गेली, हे उपकारच. पण इथं काचेसमोर किती वेळ थांबायचं ते आपण ठरवतो. पिंगुळीत ते हुडुक ठरवतो. ओवी संपेपर्यंत चित्र हलत नाही, आणि ओवी संपली की आपलं मन भरलेलं असो-नसो, पान उलटतं. कागदावरच्या रेषेइतकंच हे थांबणं आणि उलटणं म्हणजे चित्रकथी, असं मला वाटतं.

(पुन्हा अंगण.)

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या घराशीच ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय आहे. चित्रं बघायला जाल, तर घाई करू नका. कुणी म्हणायला बसलं, की तुम्हीही खाली बसा. चित्र बसलेल्या कथेकऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं.

(हात. पान उलटतं. ठोका.)