‘से’ की ‘टेल’?

नमस्कार मंडळी. आज इंग्रजीतली दोन क्रियापदं घेतोय, ‘से’ आणि ‘टेल’. दोन्ही एवढीशी, शाळेतच भेटलेली, पण मुंबईत कुठल्याही इंटरव्ह्यूच्या रांगेत जाऊन बसा, हमखास कानावर पडतं, ‘सर सेड मी टू कम’. आता हे ‘सेड मी’ येतं कुठून? तर आपण मुंबईकर सगळ्यालाच ‘बोलला’ म्हणतो ना, तिथून. तो मला बोलला की ये, मी त्याला बोललो की येतो, आई बोलली, बॉस बोलला, पुण्याकडचे लोक नाकं मुरडतात, मुरडू देत, पण या एका ‘बोलला’मध्ये ‘म्हणाला’ पण गेलं आणि ‘सांगितलं’ पण गेलं, आणि इंग्रजीला नेमकी तीच दोन वेगळी हवी असतात.

‘टेल’ला समोर माणूस लागतो, तोही लगेच. टेल मी, टोल्ड हर, टोल्ड द वॉचमन. ‘से’चं लक्ष शब्दांवर, कोणाला ते नाही सांगितलं तरी चालतं. ‘ही सेड ही वॉज टायर्ड’, झालं, वाक्य पुरं. माणूस आणायचाच तर मध्ये ‘टू’ घाला, ‘सेड टू मी’. आणि इथे ‘म्हणाला’वाले शुद्ध मराठी लोकही घसरतात बरं का, कारण ‘तो मला म्हणाला’ आपल्याकडे अगदी बरोबर आहे, तेच तसंच्या तसं उचललं की झालं ‘सेड मी’! कोणाला काही करायला सांगितलंय, तर सरळ ‘टेल’ वापरा. म्हणजे ‘सर टोल्ड मी टू कम’.

पण मला गंमत वाटते ती वेगळीच. आपली आजी श्लोक म्हणते आणि गोष्ट सांगते, बरोबर? श्लोक सांगते असं नाही म्हणत आपण. इंग्रजीतही प्रार्थना ‘से’ करतात आणि स्टोरी ‘टेल’ करतात. ज्योतिषी भविष्य सांगतो, तिथेही ‘टेल’च. खरं सांग, ‘टेल द ट्रूथ’. भाजीवाल्याला आपण ‘वीस म्हणा ना’ करतो, इंग्रजीत आकडा सुचवताना ‘से, ट्वेंटी’ असंच म्हणतात. म्हणजे म्हणणं आणि सांगणं नीट वेगळं ठेवलं तर अर्धं काम मराठीच करून देते. आणि हो, जोक, स्टोरी, ट्रूथ, लाय, टाइम, यांच्याबरोबर ‘टेल’ माणसाशिवायही चालतं. ही यादी छोटीच आहे, पाठ करून टाका.

सगळीकडे मात्र जुळत नाही हां. दादरला इंडिकेटरवर ठाणे स्लो लागलंय, तर इंग्रजीत ‘द इंडिकेटर सेज ठाणे स्लो’. आपल्याकडे इंडिकेटर काही म्हणत नाही, त्यावर लागतं किंवा दाखवतं. पाटी, पेपर, पत्र, घड्याळ, सगळ्यांना इंग्रजीत ‘से’ चालतं.

आणि ‘आय कान्ट से’ आणि ‘आय कान्ट टेल’ यात गल्लत नको. पहिल्याचा अर्थ, नाही सांगू शकत बुवा, माहीत नसेल किंवा सांगायचं नसेल. दुसऱ्याचा अर्थ, मला ओळखता येत नाहीये. जुळे भाऊ समोर उभे आहेत आणि कोण कुठला ते कळत नाही, तिथे ‘आय कान्ट टेल’.

आता हे ओळखण्याचं ‘टेल’मध्ये कुठून आलं? तर ‘टेल’चा एक जुना अर्थ मोजणं असाही आहे, मोजायचं म्हणजे एकेक वेगळं करून बघायचं, त्यातून ओळखणं फार लांब नाही. डच भाषेत ‘टेलन’ म्हणजे आजही मोजणं, आणि जर्मनमध्ये ‘त्सेलन’ म्हणजे मोजणं तर ‘एरत्सेलन’ म्हणजे गोष्ट सांगणं. बँकेतला टेलर तो हाच, पैसे मोजणारा, कपडे शिवणारा नाही, त्याचं स्पेलिंग वेगळं. एटीएममधला टी पण तोच, ऑटोमेटेड टेलर मशीन, आणि देशातलं पहिलं एटीएम १९८७ साली आपल्या मुंबईतच लागलं, एचएसबीसी बँकेचं. ‘ऑल टोल्ड, ट्वेंटी पीपल केम’ असं कुठे वाचलंत तर त्याचा अर्थ सगळे मिळून वीस जण आले एवढाच, तिथे कोणी कोणाला काहीही सांगितलेलं नसतं.