जांभ्याचे खडे वजा करून

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात मातीवर बोलायचं म्हणजे माझी पंचाईतच. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या जणांनी माझ्यापेक्षा जास्त माती उपसली असेल. तेव्हा प्रस्तावना सोडतो आणि थेट खड्ड्यात उतरतो.

जंगलातला कार्बन म्हटलं की आपली मान वर जाते, झाडांकडे. पण जगभरच्या जमिनीच्या वरच्या एका मीटरमध्येच सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. हवेत त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, आणि सगळ्या झाडाझुडपांत मिळून हवेपेक्षाही कमी.

तो मोजायचा कसा? एक हेक्टर जमीन, ३० सेंटीमीटर खोल, म्हणजे ३००० घनमीटर. घनमीटरला १.२ टन धरली तर माती झाली ३६०० टन. त्यात समजा २ टक्के कार्बन, म्हणजे ७२ टन. पहिल्या वर्षी मी असाच हिशेब मांडला आणि खुशीत दाखवायला नेला. आमच्या मार्गदर्शक बाईंनी कागद पाहिलाच नाही. विचारलं, "खडे कुठे गेले?"

खडे कोपऱ्यात पडले होते. माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात आणि तपासणी होते ती फक्त खाली पडलेल्या मातीची. आपल्या जांभ्याच्या जमिनीत जागा अडवून बसतात ते खडे. त्यांनी ४० टक्के जागा घेतली असेल, तर ७२ चे ४३ टन होतात. कार्बनचे मोठमोठे आकडे ऐकले की मी अजून आधी खड्यांची चौकशी करतो.

आपल्याकडे ऊन-पावसात पाचोळा पटापट कुजतो, बराचसा कार्बन परत हवेत जातो. उरलेला बारीक मातीला धरून राहतो. जांभ्याला लाल करणारं जे लोखंड, त्याचीच ऑक्साइडं कार्बनला चिकटवून ठेवतात. उतारावरचं रान साफ केलं की पहिल्याच पावसापासून हा वरचा थर ओहोळात जायला लागतो. त्या बदल्यात दुसरीकडे रोपं लावली, असं सांगतात. रोपं मोजता येतात. गेलेला थर कोणी मोजत नाही.

बांबर गावची निरंकाराची राय, म्हणजे तिथली देवराई, तुम्हाला माहीत आहेच. जायफळाच्या कुळातली झाडं, चिखलातून वर आलेली गुडघ्यासारखी मुळं. पाणी साचलेलं असल्यामुळे तिथे हवा पोचत नाही, कुजणं रेंगाळतं आणि कार्बन साठत जातो.

अशाच एका देवराईत आम्ही नमुना मागायला गेलो, तेव्हा गावातले एक आजोबा म्हणाले, "न्या. पण परत कधी आणून देणार?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

महिन्याभराने डबीतली उरलेली माती घेऊन गेलो आणि त्याच झाडाखाली ओतली. अर्धा ग्रॅम कमी होती. ती डायक्रोमेटमध्ये, म्हणजे कार्बन मोजायच्या रसायनात, गेली होती. आजोबांना तेही सांगितलं.